साखळीत पहिले, शुक्रवारी बाद

संख्याशास्त्र शिकलेल्या बाईला लोक आयुष्यभर दोनच प्रश्न विचारतात. शेअर कुठला घेऊ, आणि यंदा पाऊस कसा आहे? दोहाला आल्यावर दुसरा प्रश्न आपोआप गळून पडला. त्याच्या जागी तिसरा आला. यंदा बेसबॉलचा कप कोण नेणार?

वसईत वाढलेल्या बाईचा बेसबॉलशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही देवाला बरेचदा विचारलं आहे. मी एका बांधकाम कंपनीच्या क्वालिटी खात्यात होते. आता निवृत्त झाले, पण नवऱ्याची इस्पितळातली नोकरी अजून चालू असल्यामुळे मुक्काम अल हिलालच्या फ्लॅटमध्येच आहे, आणि हाताला काम नसल्यामुळे मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले आहे. माझं काम काँक्रीटचे आकडे सांभाळायचं. साइटवर काँक्रीटची गाडी आली की त्यातलं थोडं लोखंडी साच्यात भरून चौकोनी ठोकळे करतात. त्यांना क्यूब म्हणतात. ते पाण्यात ठेवायचे, आणि महिन्याभराने मशीनमध्ये घालून फुटेपर्यंत दाबायचे. कुठल्या दाबाला फुटला तो आकडा माझ्याकडे यायचा. एवढ्या फुटक्या ठोकळ्यांकडे बघून पूर्ण इमारत उभी राहील का, ते मी सांगायचं.

या धंद्यातली पहिली शिकवण अशी की एकाच गाडीतलं काँक्रीट, एकाच माणसाने भरलेले क्यूब, तरी प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. एखादा क्यूब उगाच लवकर फुटतो. त्याचा काही दोष नसतो, इमारतीचाही नसतो. म्हणून एका क्यूबवरून कधी बोलायचं नाही, पुष्कळ क्यूब बघून बोलायचं. आणि तरीही पूर्ण खात्री कधी द्यायची नाही. आमचं ठरलेलं वाक्य असतं, "शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य ऐकून मी कित्येक साहेबांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत. साहेबांना हो किंवा नाही हवं असतं. आमचं शास्त्र एवढंच म्हणतं की नाही म्हणण्याइतका पुरावा हातात नाही.

या वाक्याचा सर्वांत जास्त राग आमच्या डायरेक्टरसाहेबांना होता. नाव सबनीस, मूळचे डोंबिवलीचे. मध्ये काही वर्षं अमेरिकेत काढून आल्यामुळे मराठी त्यांना समजायचं, पण बोलायला लाज वाटायची; त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीत करून देते आहे. अमेरिकेतून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक म्हणजे कपाळावरची टोपी, जी एसीतही उतरत नसे, आणि दुसरी बेसबॉलची भक्ती. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की कंपनीत टीम स्पिरिट कमी आहे आणि त्यावर बेसबॉल हा एकमेव उपाय आहे. कंपनीत नेपाळी, फिलिपिनो, केरळी, श्रीलंकन, बिहारी आणि आम्ही मूठभर मराठी. यातल्या फिलिपिनोंना सोडलं तर बाकी सगळ्यांनी बेसबॉल फक्त सिनेमात पाहिला होता, तोही रिमोट सापडेपर्यंत.

अल रय्यानच्या हेड ऑफिसमागे कंपनीचं यार्ड होतं. तिथली यंत्रं एका बाजूला सरकवून मैदान केलं. प्रत्येक खात्याचा आणि कॅम्पचा एक संघ. हिवाळाभर दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी साखळी सामने, मग पहिल्या चौघांची बाद फेरी, आणि शेवटच्या शुक्रवारी अंतिम सामना. सगळं अमेरिकेसारखं, फक्त मैदानाच्या कडेला क्रेन आणि पाण्याचा टँकर.

आता स्कोअर कोण लिहिणार? स्टोअरकीपर बशीरभाई खेडचे. गावात क्रिकेटचे सामने लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून त्यांना बसवलं. पहिला सामना वाहतूक खात्याचा आणि कॅम्पच्या किचनवाल्यांचा. साहेब त्या दिवशी दुबईला होते. बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणापार मारला तरी मारणारा मैदानाच्या चार कोपऱ्यांना, म्हणजे बेसना, वळसा घालून येतो आणि त्याची धाव एकच धरतात. आधीपासून कुणी बेसवर उभे असतील तर त्यांच्या आणखी. बशीरभाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. चेंडू कुंपणापार गेला की त्यांनी शांतपणे दोन्ही हात वर केले आणि सहा लिहिले. एकाही खेळाडूला त्यात वावगं वाटलं नाही. उलट टाळ्या पडल्या. किचनवाले दणदणीत जिंकले, हस्तांदोलन झालं, बिर्याणी झाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्कोअर बघितला आणि टोपी काढली. ती मी पहिल्यांदाच उतरलेली पाहिली.

"बशीरभाई, सिक्स? बेसबॉलमध्ये सिक्स?"

"साहेब, बॉल पार पलीकडं रस्त्यावर गेला. आता त्याला एक कसा देव? मारणाऱ्याची इज्जत हाय की नाय?"

निकाल बदलायचा विचार झाला, पण जिंकल्याची बिर्याणी सगळ्यांनी मिळून खाल्ली होती. ती आता परत कोण देणार? खलास. तो सामना तसाच राहिला. पुढे साखळीचा तक्ता मी ठेवू लागले तेव्हा त्या सामन्यापुढे मी एक फुली मारली आणि विषय मिटवला.

पहिल्या वर्षी साखळीत हेड ऑफिसचा संघ पहिला आला. सबनीससाहेब स्वतः त्याचे कोच. बाद फेरीच्या पहिल्याच शुक्रवारी त्यांना किचनवाल्यांनी हरवलं. या वेळी सिक्स न मोजताही हरवलं. रविवारी सकाळी मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"तुस्कानो मॅडम, मला शास्त्रीय उत्तर हवंय. जो वर्षभर पहिला येतो तोच खरा चांगला, आणि बाद फेरी म्हणजे निव्वळ लॉटरी. असं सिद्ध करता येईल?"

मी म्हटलं, बघते. मला मजा वाटली होती, हे कबूल करते. किती दिवस माणसाने फुटके ठोकळेच मोजायचे? घरी बसून अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचे कित्येक मोसमांचे निकाल इंटरनेटवरून उतरवले. एका अक्षावर साखळीतलं यश, दुसऱ्यावर बाद फेरीतलं यश, आणि प्रत्येक संघाचा एक ठिपका. ठिपके रेषेत उभे राहिले असते तर वर्षभराचं यश शेवटपर्यंत चालतं असं म्हणता आलं असतं. पण ठिपके पसरले होते पाटावर सांडलेल्या मोहरीसारखे. जरासा कल होता. चांगला संघ थोडा पुढे असायचा, पण थोडाच.

कारण सोपं आहे. बेसबॉलमध्ये गोल चेंडू, गोल दांडा, आणि फटका अर्ध्या बोटाने इकडे तिकडे झाला की चेंडू बाहेर जायच्या ऐवजी कुणाच्या तरी हातात. चांगल्यातला चांगला संघही वर्षभरात पुष्कळ सामने हरतो. मोसम लांबलचक असल्यामुळे जिंकणं-हरणं एकमेकांत मुरतं आणि शेवटी कोण चांगला ते दिसतं. बाद फेरीत मुरायला वेळच नसतो. एक क्यूब, एक दाब, फुटला की बाहेर.

साहेबांना हे इतकं आवडलं की बक्षीस समारंभात त्यांनी भाषण ठोकलं. "खरा विजेता तोच, जो वर्षभर उभा राहतो." माझा तो मोहरीचा आलेख पडद्यावर दाखवला, तोही उलटा. किचनवाल्यांनी कप घेतला आणि साहेबांच्या भाषणाला सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. हात मोकळे नसताना टाळ्या कशा वाजवल्या, देव जाणे.

दुसऱ्या वर्षी हेड ऑफिस साखळीत कसंबसं चौथं आलं आणि कप जिंकलं. पुन्हा रविवार, पुन्हा केबिन.

"मॅडम, बाद फेरीतच खऱ्या माणसाची कसोटी लागते. हे आकड्यांनी दाखवायचंय."

"सर, आकडे तेच आहेत. गेल्या वर्षीचेच."

"मग तेच आकडे जरा सकारात्मक दृष्टीने बघा ना."

मी सांगितलं, दृष्टी कितीही सकारात्मक केली तरी मोहरी रेषेत उभी राहणार नाही. तर म्हणाले, निदान असं तरी म्हणा की कसोटीच्या वेळी काही माणसं उंचावतात. मी म्हटलं, "शक्यता नाकारता येत नाही." त्यांनी टोपी पुढे ओढली आणि मला जायची खूण केली. समारंभात भाषण झालं, "खरा विजेता तोच, जो शेवटच्या दिवशी उभा राहतो." आलेख या वेळी दाखवला नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. अल रय्यानच्या एसीत कोण खरा विजेता यावर वाद झाले तर कुणाचं काय जातं? पण त्या वर्षी साखळीत पहिला आलेला संघ बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पचा होता, आणि त्यांचा कोच प्रदीप वानखडे.

वानखडे अमरावतीचा. तिकडे शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल, बेसबॉल हौसेने खेळतात हे मला कतारमध्ये येऊन कळलं. हा विद्यापीठाकडून खेळलेला. कंपनीत आला सेफ्टी ऑफिसर म्हणून. कॅम्प आणि यार्डातल्या कामगारांचे हातपाय शाबूत ठेवायचे, हे त्याचं काम. मग त्याच्या हुद्द्याला 'आणि वेल्फेअर' जोडलं गेलं. आता वेल्फेअर मोजायचं कसं? लोक सुखी आहेत की नाहीत हे कुठल्या मशीनमध्ये दाबून बघणार? साहेबांनी तोडगा काढला. ज्या कॅम्पकडे कप, त्या कॅम्पचं वेल्फेअर चांगलं. वानखडेच्या कामाच्या मूल्यमापनात 'कप' असं उद्दिष्ट लिहिलं गेलं.

त्याचा संघ तिसऱ्या वर्षीही साखळीत पहिला आला, आणि अंतिम सामन्यात पोचला. दोन दिवस आधी तो माझ्या टेबलाशी आला. नेहमी हसतमुख माणूस, पण त्या दिवशी खिशाला लावलेल्या पेनाशी चाळा करत उभा होता.

"मॅडम, एचआरनं सांगतलं, या खेपेला कप नाई आला त काँट्रॅक्ट रिन्यू होत नाई."

"असं कसं?"

"असंच हाय ना बाप्पा. पोरगी नववीत हाय. बोर्डाची नोंदणी झाली इथल्या शाळेतून. माहा व्हिसा गेला का तिचाबी गेला. दहावीत शाळा बदलाची म्हणजे काय, तुमाले माहीत हाय. तुमी आकडेवाले माणसं. सांगा बरं, जिंकतीन का पोरं?"

तुम्ही चांगले आहात एवढं खरं, त्यापुढे शुक्रवारचं शुक्रवारी कळेल, असं मी म्हणाले. धंदा सवयीला गेला की माणूस असलं बोलतो. तो हसला आणि म्हणाला, "इन्शाल्ला." अमरावतीचा माणूस इन्शाल्ला म्हणायला लागला की समजावं, घाबरला आहे.

अंतिम सामना मी कधी बघायला गेले नव्हते. त्या शुक्रवारी गेले. समोर हेड ऑफिस. सामन्याआधी धूळ बसावी म्हणून टँकरने मैदानावर पाणी मारलं होतं आणि टँकर उजव्या कडेला उभा करून ड्रायव्हर चहाला गेला होता. शेवटच्या डावात बिरकत दोन धावांनी पुढे होता. हेड ऑफिसचे दोघे बेसवर, आणि आणखी एक बाद झाला की संपलं. फलंदाजाने चेंडू मारला तो काही विशेष नव्हता. जमिनीवरून घरंगळत उजवीकडे गेला, आणि थेट टँकरखाली.

तिथे टेकबहादूर होता. नेपाळी पोरगा, परांची बांधणारा, हरणासारखा पळायचा. तो टँकरपाशी पोचला आणि थांबला. चेंडू हाताच्या अंतरावर दिसत होता. टेकबहादूरने एक हात वर केला आणि ओरडला, "चॉक! चॉक लगाओ! चाबी किसके पास है?"

हे काय चाललं आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. उभ्या गाडीखाली हात घालायचा तर आधी टायरला ठोकळा, म्हणजे चॉक, लावायचा, आणि गाडीची चावी आपल्या माणसाच्या हातात घ्यायची. हा वानखडेचा नियम. दर सकाळी कॅम्पात रांग लावून तो हे म्हणून घ्यायचा, शाळेतल्या पाढ्यांसारखं. त्याच्या आधीच्या नोकरीत एका यार्डात एक माणूस असाच पडलेला बोल्ट काढायला गाडीखाली वाकला होता आणि गाडी सरकली होती, तेव्हापासून. टेकबहादूर नियमाने वागत होता. चॉक नाही, चावी नाही, तर गाडीखाली जायचं नाही.

मैदान ओरडत होतं. हेड ऑफिसचे लोक बेसमागून बेस पळत होते. पहिला आला, दुसरा आला. टेकबहादूरने मान वळवून वानखडेकडे पाहिलं. सगळ्या संघाने पाहिलं. मीही पाहिलं. त्याने नुसतं "घुस" म्हटलं असतं तरी पोरगा घुसला असता. वानखडेचं तोंड उघडलं आणि मिटलं. तिसरा, म्हणजे फटका मारणारा स्वतः, धावत आत आला, आणि सामना संपला. सबनीससाहेबांना त्यांच्या माणसांनी खांद्यावर घेतलं. टोपी तेव्हाही पडली नाही.

मी वानखडेपाशी गेले तेव्हा तो टँकरच्या टायरला स्वतः चॉक लावत होता. मग वाकून चेंडू काढला.

"बोलला का नाहीस रे?"

"मी बोललो असतो त घुसला असता तो, मॅडम. माह्या शब्दावर घुसला असता. म्हणून त नाई बोललो."

मला तिथेच रडू आलं. माणसाने स्वतःचा व्हिसा गाडीखाली सोडून दिला होता, आणि त्याला त्यात काही मोठं केल्यासारखं वाटतही नव्हतं.

मूल्यमापनाच्या समितीत मी नव्हते. मी स्वतःहून गेले. सबनीससाहेब, एचआरचे दोघे आणि दोन सिनियर इंजिनियर बसले होते. वानखडेच्या नावापुढे शेरा होता, 'निर्णायक क्षणी कचखाऊ'. मी म्हटलं, मला पाच मिनिटं द्या. मग मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं प्रेझेंटेशन केलं. पडद्याशिवाय केलं, म्हणून ते उलटं दाखवायची सोय नव्हती. मी इंजिनियर लोकांना विचारलं, एक क्यूब फुटला म्हणून तुम्ही कधी इमारत पाडली आहे का? ते हसले, माना हलवल्या. मग ओळीने दोन वर्षं साखळीत पहिला येणारा माणूस एका शुक्रवारवरून का पाडता?

साहेबांनी त्यांच्याकडे उरलेली एकमेव मराठी म्हण बाहेर काढली. "पण मॅडम, आपल्यात म्हणतात ना, शितावरून भाताची परीक्षा?"

"सर, भात एका भांड्यात, एका आचेवर शिजलेला असतो, म्हणून एक शीत पुरतं. बेसबॉल म्हणजे काही शिजलेला भात नाही. तुम्हीच पहिल्या वर्षी म्हणाला होतात, बाद फेरी म्हणजे लॉटरी."

मग मी दुसरं हत्यार काढलं. वानखडे आल्यापासून कॅम्पात आणि यार्डात एकही मोठा अपघात झाला नव्हता. ते आकडेही माझ्याकडेच यायचे. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अपघात न होणं ही साखळी झाली, मॅडम. कप कुठे आहे?"

पण इंजिनियर दोघे कुजबुजले, एचआरवालीनेही मान डोलावली, आणि साहेबांना जाणवलं की खोली आपल्या हातून जाते आहे. मग ते टोपी मागे सारून म्हणाले, "ओके. मला पटलं. बाद फेरी म्हणजे नशीब."

मला वाटलं, जिंकले.

"म्हणजे वानखडेमध्ये दोष नाही. तो फक्त कमनशिबी आहे. आपल्याला नशीबवान कोच हवा."

आयुष्यभर शिकलेलं शास्त्र असं उताणं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. संताप इतका आला की मी दार जरा जोरातच लावलं. आणि गंमत बघा, एचआरने खरोखर शोध सुरू केला. कंपनीत नशीबवान कोण? फार शोधावं लागलं नाही. स्टोअरकीपर बशीरभाईंना नुकतीच एका मॉलच्या सोडतीत गाडी लागली होती. ते सगळ्यांना सांगत फिरायचे की लॉटरी हराम, पण हे तांदळाच्या पोत्यावर फुकट मिळालेलं कूपन, आणि मौलवीसाहेबांना विचारूनच चावी घेतली. ज्या माणसाने बेसबॉलमध्ये सिक्स दिल्या होत्या, त्यालाच बिरकतचा कोच नेमायचं ठरलं.

बशीरभाई माझ्याकडे आले. मी त्यांना सगळं सांगितलं. पोरीची दहावी, काँट्रॅक्ट, टँकर. ते दाढीवरून हात फिरवत ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यांना बोलावलं, आणि या वेळी मलाही, 'तांत्रिक सल्लागार' म्हणून.

"साहेब, कोच व्हायला माझी ना नाय," बशीरभाई म्हणाले. "पण एक सांगतो. ती गाडी माझ्या नशिबानी नाय लागली."

"म्हणजे?"

"कूपन भरलं तेव्हा वानखडे माझ्या बाजूला होता. आणि पेन त्याचा होता. माझ्या पेनानी मी इतकी वर्षं कूपनं भरली, कधी साबणाची वडी नाय लागली. त्याच्या पेनानी पहिला कूपन, आन् गाडी! आता सांगा, नशीब कोणाचा? तो माझ्या बाजूला नसेल तर मी एकटा जाऊन काय करू?"

सबनीससाहेब पुढे झुकले. अमेरिकेतून आणलेलं सगळं बाजूला सरलं होतं आणि डोंबिवली चेहऱ्यावर उघडी पडली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही एक्स्पर्ट आहात. सायंटिफिकली सांगा. असं असू शकतं?"

मी बशीरभाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली टाकली होती. एका कूपनाचा पुरावा, नमुना एक, ठिपका एक. एवढ्यावर मी आयुष्यात कधी काही म्हटलं नव्हतं. पण शास्त्र काय सांगतं? नाही म्हणायलासुद्धा पुरावा लागतो, आणि तो तर माझ्याकडे नव्हताच.

"सर," मी म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

पहिल्यांदाच त्या वाक्यावर साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे आकड्यांचाही पाठिंबा आहे! यल्ला, करून टाका." वानखडेचं काँट्रॅक्ट तिथल्या तिथे दोन वर्षांसाठी वाढवलं. त्याला आत बोलावून घेतलं, आणि साहेबांनी सही करायला त्याच्या खिशातलं पेन मागितलं. सही झाली. पेन मात्र त्यांनी परत केलं नाही, अगदी सहजपणे स्वतःच्या खिशाला लावलं.

बाहेर आल्यावर मी बशीरभाईंना दबक्या आवाजात विचारलं, "खरंच का हो?"

"खोटं नाय बोललो, मॅडम. आम्ही दोघं सुपरमार्केटात होतो. पेन त्याचाच. तो पलीकडं उभा रवून भेंडी निवडत होता, ते मना कोणी विचारलान नाय."

पुढच्या मोसमात बिरकत साखळीत तिसरा आला आणि कप जिंकला. बशीरभाई डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, बसून तसबीहची माळ ओढत होते आणि वानखडे सगळं खेळवत होता. टँकर या वेळी मैदानाबाहेर, कारण वानखडेने नवा नियम केला होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खिशातलं पेन दाखवलं आणि म्हणाले, "बघितलंत?" त्यांच्याच संघाला अंतिम सामन्यात हरवलं होतं, पण चेहऱ्यावर मात्र शोध लागलेल्या माणसाचं तेज होतं. मी म्हटलं, "सर, एकच सामना आहे." ते म्हणाले, "तुम्ही कायम निगेटिव्ह असता."

दहावीच्या निकालाच्या दिवशी वानखडे पेढे घेऊन घरी आला. बरोबर बायको, पोरगी, आणि नवी गाडी चालवत बशीरभाई. पोरगी उत्तम मार्कांनी पास झाली होती. तिने मला वाकून नमस्कार केला आणि इंग्रजीत आभार मानले. वानखडेने पेढ्याचा बॉक्स माझ्यासमोर धरला. त्याचे डोळे भरले होते.

"मॅडम, हे तुमच्यानं झालं. त्या दिवशी समितीत तुमी आकडे मांडले म्हणून राहिलो मी इथं. मी पोरीले तेच सांगतो, गणित शिक बाई. नशिबाचं काई खरं नसते, गणित माणसाले वाचवते."

मी बशीरभाईंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बरोबर बोलतो तो. मॅडमच्या आकड्यानीच झाला."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पोरीने त्यात पेढा भरवला. तोंडात पेढा असताना काहीच नाकारता येत नाही.